मार्केझच्या कादंबरीतलं केळीमजुरांचं हत्याकांड खरं की रचलेलं?

रावेरकर: 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'मध्ये संपावरच्या केळीमजुरांवर लष्कर गोळ्या झाडतं, प्रेतं आगगाडीतून नेतात. हे घडलंय का? तीन हजार मेले हे जरा जास्तच वाटतं.

तापीकाठ: घडलंय. डिसेंबर १९२८, कोलंबियातलं सिएनागा, कंपनी युनायटेड फ्रूट. मागण्या साध्याच होत्या: लेखी करार, पगार दर आठवड्याला, तोही रोख. कंपनी कुपनं द्यायची, ती तिच्याच दुकानात चालायची. आणि रावेर-सावद्याच्या माणसाला काय सांगायचं, कापलेला घड कुणासाठी थांबत नाही! संप कंपनीला झोंबला तो त्यामुळेच.

घडवाला: भाऊ, आकडा कादंबरीचाच. तिथल्या लष्कराचा प्रमुख जनरल कोर्तेस वार्गासने ४७ मेल्याचं कबूल केलं. खरे किती, यावर अजून वाद आहे. गाडी भरायची म्हणून आकडा फुगवला, असं मार्केझनेच नंतर सांगितलं. त्यापेक्षा कादंबरीतला कोर्टाचा प्रसंग सावकाश वाचा. कंपनीकडे कामगारच नाहीत, असा निकाल लागतो. अतिशयोक्ती आहे, पण मुळात खोटं नाही: मजूर ठेकेदाराचे, आमचे नाहीत, असाच कंपनीचा पवित्रा होता.

रावेरकर: म्हणजे मुकादमाकडे बोट दाखवून मोकळे. तो प्रसंग परत काढतो.