कोल्हापुरातील साधी पदवी : तीन वर्षांचा खर्च भरून निघतो का?

करवीरकर (धागाकर्ता)

मी उभी हयात हिशेबनिसाची नोकरी केली असल्यामुळे बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीचे पालक सल्ल्यासाठी घरी येतात. यंदा आलेल्या एका गृहस्थांनी विचारले, "पोराला बी.ए.ला घालू, की सरळ गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत चिकटवू?" मी कागद घेतला आणि त्यांच्यासमोरच आकडे मांडले. मुलाला आज महिना १२,००० रुपये मिळू शकतात असे धरले, तर ३६ महिन्यांत ४,३२,००० रुपये बुडतात. फी, एसटीचा पास, पुस्तके आणि वरखर्च मिळून ५०,००० धरले, तर एकूण गुंतवणूक ४,८२,००० होते. पदवीमुळे पुढे महिना ३,००० रुपये जास्त मिळाले, तरी ही रक्कम फिटायला तेरा वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि त्यात व्याज धरलेलेच नाही.

हे ३,००० मी अंदाजाने धरले, हे मान्य आहे. पण सरकारने स्वतः लावलेला भावही फार वेगळा नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले. म्हणजे तीन वर्षांची किंमत महिना ४,००० रुपये. त्या भावानेही वसुलीला दहा वर्षे लागतात.

माझा आक्षेप शिवाजी विद्यापीठाच्या दर्जावर नाही. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून दरवर्षी हजारो पदव्या दिल्या जातात. परंतु अमुक महाविद्यालयातून अमुक विषय घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी पाच वर्षांनी किती कमावतो, हे पालकाला कोठेही वाचायला मिळत नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या शैक्षणिक संस्थांच्या क्रमवारीसाठी संस्था वेतनाचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा पगार) कळवतात, पण तो फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. शंभरांतील दहाच जणांना नोकरी लागली, तरी मध्यक त्या दहांचाच निघतो आणि उरलेले नव्वद हिशेबात येतच नाहीत. असा ताळेबंद मी साहेबांपुढे ठेवला असता, तर त्यांनी तो माझ्या अंगावर फेकला असता. म्हणून माझे म्हणणे असे की, विद्यापीठाने विषयवार आणि महाविद्यालयवार उत्पन्न जाहीर करावे, आणि ते होईपर्यंत पालकांनी साध्या पदवीकडे तोट्याचा व्यवहार म्हणूनच पाहावे.

फौंड्रीमास्तर

धागाकर्त्यांची बेरीज बरोबर आहे, पण पहिलीच रक्कम चुकली आहे. बी.ए., बी.कॉम.चा प्रत्येक मुलगा तीन वर्षे घरी बसून शिकतो, हे त्यांनी गृहीत धरले कसे? माझ्याकडे शिरोलीच्या फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले लोखंडी भाग घासून साफ करायला, दोन मुले आहेत. ती सकाळी सातच्या तासाला महाविद्यालयात असतात आणि दुपारच्या पाळीला माझ्याकडे येतात; त्यांतील एकाच्या अर्थशास्त्राच्या वहीच्या कडा लोखंडाच्या भुकटीने काळ्या झाल्या आहेत. अशा मुलाचे ४,३२,००० बुडत नाहीत, फार तर ओव्हरटाइम बुडतो. ज्याच्या घरी दोन एकर ऊस आणि चार म्हशी आहेत, त्याचेही तसेच. तो धार काढून, डेअरीला दूध घालून महाविद्यालयात जातो. बुडालेली मजुरी एक लाखावर आणा आणि पुन्हा भागाकार करा, तुमची तेरा वर्षे चार-पाचवर येतील.

दुसरे असे की, गेल्या वर्षी डिस्पॅचला माणूस हवा होता, तेव्हा मी फेटलिंगमधल्या बी.कॉम. झालेल्या मुलालाच बोलावले. मालवाहतुकीचे ई-वे बिल करणे आणि मालासोबतचे चलन जुळवणे त्याला महाविद्यालयात कोणी शिकवले नव्हते, हे खरे. तरीही पदवी नसती, तर त्याला विचारायचे मला सुचलेच नसते.

करवीरकर

फौंड्रीमास्तर, मजुरीबाबतची दुरुस्ती मान्य. सकाळचे महाविद्यालय मी विसरलो होतो. मात्र आपल्या दुसऱ्या मुद्द्याने माझेच म्हणणे पक्के होते. जे काम सहा महिन्यांत शिकवता येते, त्या कामासाठी माणूस हेरण्याची चाळण म्हणून आपण तीन वर्षांची पदवी वापरता. त्या चाळणीचा खर्च आपला नाही, मुलाचा आहे.

शिवाय २०२४ च्या भारत रोजगार अहवालात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने नोंदवले आहे की, २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती ३.४ टक्के होती. या आकड्याचे काय करायचे?

तासिकातत्त्व

मी गेली नऊ वर्षे एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो, त्यामुळे पदवीच काय, पदव्युत्तर पदवी आणि प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा यांवरचा परतावासुद्धा मला चांगलाच ठाऊक आहे. तरीही मी धागाकर्त्यांच्या विरुद्ध बाजूला आहे.

२९.१ आणि ३.४ हे आकडे शेजारी ठेवून अशिक्षित राहणे फायद्याचे, असा अर्थ काढता येत नाही. ज्याच्या घरी उद्याची चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याला बेरोजगार राहणे परवडत नाही; तो मिळेल ते काम धरतो आणि सर्वेक्षणात रोजगारात मोजला जातो. पदवीधर थांबतो, कारण पदवीने त्याला सरकारी नोकरीच्या रांगेत उभे राहण्याचा हक्क दिलेला असतो. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि खुल्या प्रवर्गाच्या उमेदवाराने नुसत्या अर्जापोटी १,००० रुपये भरले. माझे कितीतरी माजी विद्यार्थी आज अभ्यासिकांमध्ये महिन्याचे भाडे भरून बसले आहेत. खरा खर्च पदवीनंतरच्या या चार-पाच वर्षांत होतो. तो विद्यापीठाच्या खात्यावर टाकणे म्हणजे सरकारने न भरलेल्या जागांचे बिल महाविद्यालयाला पाठवणे होय.

उत्पन्न जाहीर करण्याबद्दलही सावध राहायला हवे. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींवरून माहिती काढली, तर वीसपेक्षा कमी माणसे असलेली दुकाने, छोटे कारखाने आणि शेती त्यातून बहुतेक गळतील, आणि आपल्या तीन जिल्ह्यांत पदवीधर तेथेच आहेत. ज्याने पदवीनंतर चार जनावरांचा गोठा चौदा जनावरांचा केला, तो अशा यादीत शून्य उत्पन्नाचा दिसेल. आणि जे ग्रामीण महाविद्यालय पन्नास टक्क्यांच्या आतबाहेरची मुले घेते, त्याचा आकडा शहरातल्या नामांकित महाविद्यालयाशेजारी छापला की, पुढच्या वर्षी तेथील भूगोल आणि मराठीचे वर्ग रिकामे होतील. आकडे छापायचेच असतील, तर मुले कोणत्या गुणांवर आणि कोणत्या घरातून आली, हेही त्याच ओळीत छापावे.

शाहूमिलचा_भोंगा

सगळी चर्चा वसुलीवर चालली आहे म्हणून लिहितो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभारले आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहांची रांगच लागली. तेव्हा दरबारात कोणी विचारले नसेल की, या पोरांवर घातलेला पैसा किती वर्षांत फिटणार. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झाले, त्याआधी येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. विद्यापीठ दारात आले आणि घरातला पहिला पदवीधर निर्माण झाला. त्याच्या मुलांचे उत्पन्न कोणत्या रकान्यात धरणार?

करवीरकर

शाहू महाराजांचे नाव आपण काढलेत, ते बरे झाले. वसतिगृहानंतर पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, त्यांनी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. शिकलेला मुलगा पुढे बसणार कोठे, याची सोय त्यांनी शिक्षणाच्या जोडीलाच केली. महाराज भावनेवर नव्हे, हिशेबावर चालत होते. आज आपण त्यातला शिक्षणाचा अर्धा भाग चालवतो आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल, म्हणजे नोकरीबद्दल, विचारले की संस्कृतीचे नाव पुढे करतो.

तासिकातत्त्व यांची अट मात्र योग्य आहे, प्रवेशाचे गुण सोबत छापलेच पाहिजेत. माझी सूचना साधी आहे. पदवी प्रमाणपत्रासाठी दीक्षान्त समारंभाचा अर्ज भरावाच लागतो. त्यात 'सध्या काय करता' आणि 'मासिक उत्पन्न' असे दोन रकाने घालावेत आणि तीन वर्षांनी त्याच मोबाइल क्रमांकावर पुन्हा विचारावे. त्यासाठी भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींची गरज नाही.

चंदगडकर

रकान्यांवरून आठवले म्हणून लिहिते. बारावीपर्यंत मला अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत होता. पदवीला गेल्यावर पासाचे पैसे सुरू झाले, आणि त्या पैशावरून आमच्या घरी दोन रात्री वाद झाला. शेवटी आईने कोंबड्या विकल्या. धागाकर्त्यांच्या हिशेबात माझी बुडालेली मजुरी शून्य येईल, कारण मी शिकले नसते तर कारखान्यात गेले नसते, मांडवात गेले असते. आज मी पतसंस्थेत लिपिक आहे. पगार धागाकर्त्यांना हसू येईल इतकाच आहे. पण तो माझ्या नावच्या खात्यात जमा होतो आणि सासरी कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद माझ्याकडून वाचून घेतात.

तरीही मी आकडे जाहीर करण्याच्या बाजूने आहे. माझ्या वर्गातल्या मुलींपैकी बहुतेक जणी आज घरी आहेत, आणि त्यांचे काय झाले हे कोणी विचारलेले नाही. फक्त तुमच्या त्या अर्जात 'सध्या काय करता' याखाली 'गृहिणी' एवढेच छापू नका. 'नोकरी हवी आहे, पण गावातून जायला गाडी नाही', 'घरचे पाठवत नाहीत' आणि 'मला करायची नाही' असे तीन वेगळे चौकोन ठेवा.

करवीरकर

ताई, हे मला सुचले नव्हते. तीन चौकोन ठेवू.