शब्दचर्चा: अपस्मारातले ‘सिंक्रोनायझेशन’

प्रश्न: ‘सीझरमध्ये न्यूरॉन्सचे सिंक्रोनायझेशन वाढते.’ इथे समकालन लिहावे का? आणि सीझर, एपिलेप्सी दोन्हींना अपस्मार चालेल?

उत्तर १: नाही चालणार. सीझर म्हणजे एक झटका. बोलीत आकडी, फिट, फेफरे. अपस्मार हा आजार. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या (ILAE) २०१४च्या व्याख्येप्रमाणे तात्कालिक कारण नसलेले दोन झटके २४ तासांहून जास्त अंतराने आले, किंवा एकच आला पण पुन्हा येण्याचा धोका दोन झटक्यांनंतर असतो तितकाच मोठा असला, तर अपस्मार म्हणायचे. रक्तातली साखर उतरून आलेली फिट यात बसत नाही. दोन्हींना एकच शब्द वापरला तर अशा पेशंटवर नसलेल्या आजाराचा शिक्का बसतो.

उत्तर २: समकालन म्हणजे एकाच क्षणी घडणे. ईईजीत (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदीत) पुष्कळदा तपासतात ते वेगळे: दोन जागच्या लहरींमधले अंतर टिकते का. एक लहर दुसरीच्या २० मिलिसेकंद मागे असली आणि दर आवर्तनात तेवढीच मागे राहिली, तरी त्या जुळलेल्याच. म्हणून ‘लय जुळणे’ बरे. नाम लागलेच तर लयजुळणी. लहान मुलांच्या अ‍ॅबसन्स झटक्यात (काही सेकंद भान हरपते तो) सेकंदाला साधारण ३ स्पाइक-वेव्ह (टोकदार लहर आणि तिच्यामागे संथ लहर) मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत जवळपास एकदमच दिसतात, तिथे समकालन शोभते.

‘वाढते’ हेही सरसकट लिहू नका. फोकल झटक्याच्या (मेंदूच्या एकाच भागात सुरू होणाऱ्या) सुरुवातीला लय कित्येकदा सुटते आणि झटका संपत येताना घट्ट होते.

उत्तर ३: लय अशी का सुटते-जुळते, याचे एक कारण पेशींच्या जोडणीत आहे. वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ या गणितज्ञांचे जाळ्यांविषयीचे १९९८चे मॉडेल घ्या: पेशींचे कडे, प्रत्येक पेशी फक्त शेजारणींना जोडलेली. त्यातले थोडे धागे सोडवून लांबच्या पेशींना जोडले, तर एकूण जोडण्या तेवढ्याच राहतात, पण कुठूनही कुठेही पोचायचे टप्पे झपाट्याने घटतात. न्यूरॉन्सच्या अशा जाळ्यात उत्तेजना फिरत राहते. एक भाग विसावलेला असताना दुसरा तयार असतो. लांबचे धागे फार झाले की सगळ्या पेशी एकदम पेटतात, मग सगळ्याच रिफ्रॅक्टरी होतात (थोडा वेळ पुन्हा पेटू शकत नाहीत) आणि उत्तेजनेला पुढची पेशीच मिळत नाही.

तेव्हा ‘जोडण्या वाढल्या म्हणून झटका’ असे लिहू नये. टेम्पोरल लोबच्या (मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या) अपस्मारात तिथल्या डेंटेट गायरस या पट्ट्यातल्या काही पेशी मरतात आणि तिथल्याच ग्रॅन्युल पेशींचे मॉसी फायबर (त्यांचे लांब तंतू) उलटे फुटून आपल्याच जातीच्या पेशींना जोडले जातात. याला ‘फेरजोडणी’ म्हणा.