राकसकोपच्या वरचा ओढा: स्वच्छ पाण्याची किंमत रुपयांत कशी मांडायची?

तांबडी_माती:
नमस्कार मंडळी. आमचं रान राकसकोप धरणाच्या वरच्या अंगाला आहे. बांधाला लागून ओढा वाहतो, चार-पाच हात रुंद, काठाला करंज आणि जांभळी. तो पुढं तलावात उतरतो आणि तेच पाणी बेळगाव शहर पितं. आता तो सरळ करून दोन्ही बाजूंनी काँक्रीट घालायचं घाटतंय. अंदाजपत्रकात सिमेंट आहे, मोकळ्या होणाऱ्या जमिनीची किंमत आहे. ओढ्याच्या नावावर एक रुपया नाही. बैठकीत बोललो तर म्हणाले, "आकडा द्या." पावसात रताळ्याच्या सऱ्यांतून तांबडा गाळ सुटतो, युरियाही जातो, तरी खालच्या डोहात पाणी निवळलेलं असतं. ह्याचा आकडा कसा काढायचा, सांगा की. मला हा ओढा वाचवायचाय.

पाणी_तपासनीस:
भाऊ, मी बरीच वर्षं जलशुद्धीकरणाच्या कामात होतो, त्या बाजूनं सांगतो. अख्ख्या ओढ्याची किंमत काढायला जाऊ नका. काँक्रीट झाल्यावर पाणी किती बिघडेल आणि त्यापायी कुणाचा खर्च किती वाढेल, तेवढंच मोजा.

पहिला खर्च तुरटीचा. पाणी गढूळ आलं की तुरटी जास्त लागते, फिल्टर लवकर तुंबतात, ते धुवायला पाणी आणि वीज जाते. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा जास्तीत जास्त १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक). दुसरा स्रोत नसेल तरच ५ पर्यंत चालतो. तुरटीच्या वापराच्या नोंदी माहिती अधिकारात मागा आणि पावसाळा-उन्हाळा शेजारी ठेवून बघा. मात्र सगळा फरक तुमच्या ओढ्याच्या खात्यावर टाकू नका, तलावाला इतरही ओढे मिळतात.

तुमच्या युरियापासून पाण्यात येणाऱ्या नायट्रेटची गोष्ट वेगळी. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि तुरटीनं ते जात नाही. ओढ्यात हे काम जिवाणू करतात: कुजलेल्या पाल्याखाली, जिथं प्राणवायू कमी, तिथं नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. लहान ओढा उथळ असतो, पाणी तळाला भिडून सावकाश सरकतं, म्हणून हे तिथं चांगलं होतं. काँक्रीटच्या पाटात पाला टिकत नाही, पाणी धावत सुटतं.

न्यूयॉर्कचा दाखला तुम्हाला कुणीतरी देईलच. त्या शहरानं १९९७ मध्ये डोंगरातल्या गावांशी करार करून पाणलोट राखला. गाळण केंद्राचा अंदाज ६ ते ८ अब्ज डॉलर होता, पाणलोटावर दीड अब्जाच्या आसपास. पण तिथं केंद्रच टळलं. राकसकोपचं पाणी तसंही गाळावं लागतं, त्यामुळं तुमची बचत रोजच्या चालू खर्चातली. बैठकीत तेवढीच सांगा, ती खोडता येणार नाही.

चंदगडची_लेक:
दादा, माझं माहेर तुडयेचं. राकसकोपचं पाणी आमच्या चंदगड तालुक्यातूनही येतं, म्हणजे महाराष्ट्रातून. हिशेब सीमेवर थांबवू नका. आणि "स्वच्छ पाण्यासाठी महिन्याला किती द्याल?" असं घरोघरी विचारणार असाल तर मराठी आणि कन्नड दोन्हीत विचारा. एक मात्र माझ्या मनाला लागतं: शहरातला माणूस दोनशे म्हणेल, आमच्या गल्लीतली बाई वीस म्हणेल. तिच्या हातात तेवढेच असतात. पण धुणं, म्हशी, झऱ्याचं पिण्याचं पाणी, सगळं तिचंच ओढ्यावर आहे. नुसती सरासरी काढली तर ती पुसली जाईल.

पाणी_तपासनीस:
ताई, अगदी बरोबर. तिचा हिशेब वेगळा लिहा: ओढा बिघडला तर तिला पाणी कुठून आणावं लागेल, किती वेळ जाईल. आणि शहरातल्या माणसाचे दोनशे आणि वाचलेली तुरटी एकत्र मिळवू नका. एकाच स्वच्छ पाण्याचे पैसे दोनदा धरल्यासारखं होतं.

तांबडी_माती:
लई मोलाचं सांगितलासा. मग नमुने कधी घेऊ?

पाणी_तपासनीस:
जोराच्या पावसात, पाणी चढत असताना. वर्षाचा बराचसा गाळ अशा मोजक्या पावसांतच वाहून जातो, उघडीप पडल्यावर घेतलेला नमुना तो दाखवणार नाही. एक जागा रताळ्याच्या रानाखाली, दुसरी डोहाच्या खाली, दोन्हीकडं एकाच दिवशी. मध्ये दुसरा ओहोळ मिळत नाही ना, बघा. नायट्रेटची बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. आणि दोन्ही जागी पाण्याची रुंदी, खोली, वेग लिहून ठेवा. किती पाणी वाहिलं हे माहीत नसेल तर किती किलो गाळ अडला हे सांगता येत नाही.