प्रति: दिवसा फुलपाखरू, रात्री पतंग?

वर कुणीतरी 'दिवसा उडतं ते फुलपाखरू, रात्री येतो तो पतंग' असं लिहिलंय. ढोबळमानाने ठीक, पण आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात हा नियम पावसाळ्यातच मोडतो. निळी-काळी-पिवळी डिस्फॅनिया भर उन्हात उडते, सगळे तिला पिसोळें, म्हणजे कोंकणीत फुलपाखरू, म्हणतात. ती मात्र जिओमेट्रिडी कुळातली, म्हणजे पतंग. उलट मेलानायटिस लेडा हे तपकिरी फुलपाखरू तिन्हीसांजेला फिरतं आणि बाल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) दिव्यावर येऊन बसतं. मी स्वतः कितीतरी दिवस त्याला पतंगच समजत होतो!

वर्गीकरणात खरी मेख वेगळीच आहे. प्राणिसृष्टी, संधिपाद, कीटक आणि मग लेपिडोप्टेरा, म्हणजे खवलेपंखी गण (१७५८, लिनियस). इथवर दोघं एकत्रच. या गणात दीड लाखाहून जास्त जाती, त्यांतली फुलपाखरं जेमतेम अठरा-एकोणीस हजार, आणि ती सगळी पॅपिलिओनॉइडिया या एकाच महाकुळात. स्किपर, म्हणजे झपकन उडणारी जाडसर अंगाची छोटी फुलपाखरं, पूर्वी वेगळी धरत, आता तीही त्यातच. 'पतंग' असा नैसर्गिक गट मुळात नाहीच. फुलपाखरं वजा केल्यावर उरतात ते पतंग. मिशीच्या टोकाला गाठ बघा, ती असली तर फुलपाखरू; वेळेपेक्षा ती खूण बरी, अर्थात अपवाद तिलाही आहेत.