एकच बसमार्ग संपूर्ण सुगम करावा, की सगळीकडे थोडे थोडे? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. व्हीलचेअर वापरणारे, दृष्टिहीन आणि कमी ऐकू येणारे असे आम्ही काही जण सार्वजनिक वाहतुकीबाबत स्थानिक प्रशासनाला लेखी निवेदन देणार आहोत. मसुदा करताना दोन मुद्द्यांवर आमचे एकमत होत नाही, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

पहिला मुद्दा अग्रक्रमाचा. निधी मर्यादित असणार हे गृहीत धरून तो अनेक थांब्यांवर विभागावा, की एकच गर्दीचा मार्ग, त्यावरील थांबे आणि तिथवर पोहोचणारे पदपथ यांसह पूर्ण करून घ्यावा? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. लो-फ्लोअर बस आली, तिच्या दाराला उघडणारी फळीही आहे, पण थांब्यावर इतर वाहने उभी असल्यामुळे बस पदपथापासून लांब थांबली, तर ती फळी थेट रस्त्यावर टेकते. दार रस्त्यापासून ३० सेंटीमीटर उंच आणि फळी साधारण १ मीटर लांब असेल, तर चढ जवळजवळ १:३ होतो. इमारतींच्या उतारांसाठी अनेक देशांत १:१२ ही कमाल मर्यादा मानतात, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल. तीच बस १५ सेंटीमीटर उंच पदपथाला लागून थांबली, तर चढ निम्मा होतो. म्हणजे नव्या बसइतकीच थांब्यापुढील मोकळी जागा महत्त्वाची आहे, आणि निवेदनांत नेमकी तीच मागणी राहून जाते. आमच्यातील काहींचा आक्षेप असा की एक ‘नमुना मार्ग’ झाला की त्याचीच छायाचित्रे वर्षानुवर्षे दाखवली जातील आणि इतर भागांतील लोक वाटच पाहत राहतील. हा आक्षेप मला खोडता आलेला नाही.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. रस्ता ओलांडण्याच्या जागी पदपथाची कड रस्त्याशी अगदी समतल असावी, असे व्हीलचेअर वापरणाऱ्यांना वाटते. पण पांढऱ्या काठीला ती कड लागली नाही, तर दृष्टिहीन व्यक्ती नकळत रहदारीत उतरू शकते. जपानमध्ये साधारण २ सेंटीमीटरची कड ठेवतात. जर्मनीत ३ सेंटीमीटरची तडजोड आढळते, तसेच काही ठिकाणी समतल आणि उंच कडेच्या दोन वाटा शेजारी शेजारी ठेवतात. कड समतल ठेवून तिच्याआधी पायाला व काठीला जाणवणाऱ्या उंच ठिपक्यांच्या इशारादर्शक फरशा बसवणे हाही मार्ग आहे. अशा फरशा १९६७ साली जपानमधील ओकायामा येथे प्रथम बसवल्या गेल्या. यांपैकी कोणती रचना प्रत्यक्ष वापरात दोघांनाही चालते, हे स्वतः वापरणाऱ्यांकडून ऐकायला आवडेल.

थांब्याचे नाव बसमध्ये ऐकूही यावे आणि फलकावर दिसावेही, यावर मात्र आमच्यात वाद नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराचे कलम ९ सुगम्यतेविषयी आहे, तर कलम ४ मध्ये निर्णयप्रक्रियेत अपंग व्यक्तींशी सल्लामसलत करण्याचे बंधन आहे. निवेदनात या कलमांचा हवाला सुरुवातीलाच द्यावा, की मोजमापे आणि छायाचित्रे आधी मांडून तो शेवटी द्यावा? ज्यांनी अशी पाहणी केली आहे, त्यांनी थांब्यांच्या नोंदींसाठी वापरलेल्या तक्त्यात कोणते रकाने ठेवले होते, हेही कृपया सांगावे.