डायपर : आधी वीण, मग नक्षी, मग बाळ

माझी भाची वास्तुकला शिकते. परवा पुस्तक उघडं धरून आली. "मावशी, हे बघ, विटांच्या भिंतीला डायपर! छपाईची चूक आहे ना?"

चूक नव्हती. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या तांबड्या भिंतींत जास्त भाजलेल्या काळसर विटा ठरावीक अंतरानं बसवल्या आहेत. त्यातून शंकरपाळ्यांची जाळी उठते. वास्तुकलेत अशा नक्षीला डायपर म्हणतात. तिला वाटलं, बाळाच्या डायपरवरून हे नाव पडलं असेल. खरा प्रवास उलटा आहे, म्हणून इथे लिहिते आहे.

शब्द मुळात कापडाचा. मध्ययुगीन ग्रीकमधला 'दिआस्प्रोस' लॅटिनमध्ये 'दिआस्प्रुम' झाला, जुन्या फ्रेंचमधून जाताना त्यातला 'स' गळला आणि चौदाव्या शतकात तो इंग्रजीत पोचला. 'दिआ' म्हणजे आरपार, पुरतं. 'आस्प्रोस' म्हणजे पांढरं. पांढरंशुभ्र, म्हणा ना. सुरुवातीला हे नाव भारी नक्षीदार रेशमाला होतं. पुढे ते तागाच्या पांढऱ्या कापडाला लागलं. त्यात छोट्या शंकरपाळ्यांची वीण असे. धागा सगळा एकाच रंगाचा, त्यामुळे नक्षी फक्त उजेड तिरपा पडला की दिसायची. असं कापड पाणी छान टिपतं, म्हणून त्याचे हातपुसणे आणि जेवणाच्या टेबलावरचे रुमाल होऊ लागले. शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'च्या सुरुवातीलाच नोकरांना हुकूम आहे : एकानं गुलाबपाण्याचं तस्त धरा, दुसऱ्यानं झारी, तिसऱ्यानं डायपर. तिथे डायपर म्हणजे हात पुसायचा टॉवेल! त्याच कापडाचे चौकोन बाळांना बांधता बांधता कापडाचं नाव त्या वस्तूचं झालं. हा अर्थ रुळला एकोणिसाव्या शतकात, आणि टिकला तो मुख्यतः अमेरिकेत.

ब्रिटनमध्ये त्याला नॅपी म्हणतात. ते 'नॅपकिन'चं लाडकं रूप. नॅपकिनच्या मुळाशी लॅटिन 'माप्पा', म्हणजे कापड, रुमाल. जगाचा नकाशा कापडावर काढत, म्हणून 'मॅप'ही त्याच घरचा. 'एप्रन'सुद्धा : मूळ शब्द 'नेप्रन', पण 'अ नेप्रन' बोलताना 'अॅन एप्रन' ऐकू आलं आणि 'न' कायमचा पलीकडे गेला. बाळाची नॅपी, भिंतीवरचा नकाशा आणि स्वयंपाकघरातला एप्रन एका कुळातले निघाले, हे मला फार आवडलं.

प्रश्न : ताई, 'डायबेटिस'मधला 'डाय' तोच का? आणि 'डायस्पोरा'?

उत्तर : उपसर्ग तिन्हींत तोच, 'दिआ'. डायबेटिसमध्ये आरपार निघून जाणं आहे, डायस्पोरामध्ये बी विखरावं तसं विखुरणं आहे. उपसर्ग सोडला तर डायपरशी त्यांचं नातं नाही.

प्रश्न : आम्हाला शिकवलं होतं की बेल्जियममधल्या ईप्र गावावरून, म्हणजे 'द ईप्र' वरून, हा शब्द आला. ते गाव कापडासाठी प्रसिद्धच होतं.

उत्तर : समजूत जुनी आहे, आणि का पटते तेही कळतं. दमास्कसवरून डमास्क आलं, आपल्या कोळिकोडवरून, म्हणजे कालिकतवरून, कॅलिको आलं. मग ईप्र का नको? पण लॅटिन आणि जुन्या फ्रेंच रूपांत 'स' ठळक आहे, 'दिआस्प्र'. 'द ईप्र'मध्ये तो कुठून आणायचा?

प्रश्न : 'आस्प्रोस'चा मूळ अर्थ पांढराच?

उत्तर : नाही, इथे गंमत आहे. व्युत्पत्तिकार तो लॅटिन 'आस्पेर'शी जोडतात, आणि 'आस्पेर' म्हणजे खरबरीत. नुकत्याच पाडलेल्या नाण्याचा छाप बोटाला खरखरीत लागतो. असं कोरं नाणं म्हणजे चांदीचं, चकचकीत पांढरं. म्हणून खरबरीतचा अर्थ सरकत सरकत पांढरा झाला. उस्मानी तुर्कांच्या चांदीच्या 'अक्चे' नाण्याला युरोपात 'आस्पर' म्हणत. तुर्कीत 'अक' म्हणजेही पांढरा.

प्रतिसाद : मी आजी आहे, दोन नातवंडांची. सगळं वाचलं, पण आपला शब्द कुणीच काढला नाही. बाळोतं! लंगोट वेगळा, तो नाडीनं बांधायचा. दुपटं वेगळं, ते दोन पदरी शिवून बाळाला गुंडाळायचं. नावातच 'दु' आहे. बाळोतं अंगाखाली घालायचं. तुमच्या डायपरच्या नावात वीण आहे, नॅपीच्या नावात रुमाल आहे. बाळोत्याच्या नावात बाळ आहे. आता सुनेच्या यादीत फक्त डायपर असतो. सोय आहे, माझी तक्रार नाही. पण "तुझी बाळोती धुतली आहेत मी" हे कुणाला म्हणणार? आणि ते खरबरीत नाणं वाचून आठवलं : आमच्याकडे कोरं कापड बाळोत्याला कधी फाडलं नाही. कोरं टोचतं. वीस वर्षं नेसून, धुऊन मऊ झालेलं आईचं लुगडंच फाडायचं.