जंक जर्नल : तुमची पहिली वही कशी उभी राहिली?

वापरलेली पाकिटं, औषधाच्या खोक्यातली पत्रकं, जुन्या कॅलेंडरची पानं, नव्या कपड्यांना लटकवलेले टॅग, एका बाजूने कोरे राहिलेले प्रिंटआउट. हे सगळं एकत्र शिवायचं, त्यात लिहायचं, चिकटवायचं, खिसे करून चिठ्ठ्या ठेवायच्या, की झालं जंक जर्नल. हल्ली त्यासाठी जुनाट दिसणारे नवेकोरे कागद विकत मिळतात. सुरुवात त्यांनी करू नये, असं माझं ठाम मत आहे. विकतचा कागद जपून ठेवावासा वाटतो आणि वही कोरीच राहते. रद्दी नाहीतरी जाणारच होती, तिच्यावर हात बिनधास्त चालतो.

ज्यांनी अशी वही केली आहे त्यांनी आपला अनुभव लिहावा. कागद कुठला घेतला, शिवला कसा, चिकटवला कशाने? बारीकसारीक गोष्टी वगळू नका, नव्या माणसाचं नेमकं तिथेच अडतं.

* * *

मला कोऱ्या वहीची धास्ती वाटायची. भेट आलेल्या देखण्या वह्या कपाटात तशाच पडून असत. एकदा टपालाने आलेलं पाकीट सहज उलगडलं, तर आतून बारीक निळी नक्षी. मजकूर बाहेरून वाचता येऊ नये म्हणून छापतात ती. तेव्हापासून प्रत्येक पाकीट आतून बघते. कुठे एकमेकींत गुंतलेल्या रेषा असतात, कुठे करड्या ठिपक्यांची दाटी. पाकिटाचे जोड सोडवायचे, ते उलटं करून पुन्हा चिकटवायचं, नक्षी बाहेर येते आणि खिसा तयार होतो. खिडकीचं पाकीट तर मुळीच टाकू नका, तिच्यामागे फोटो सरकवला की आयती चौकट मिळते. पानावर आधीच काहीतरी छापलेलं असलं की लिहायला बसताना दडपण येत नाही. माझी वही भरली ती त्यामुळेच.

* * *

मी पुस्तकबांधणी शिकले आहे, म्हणून शिवणीबद्दल जरा सविस्तर लिहिते.

कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एका दिशेने बसतात. वर्तमानपत्र फाडून बघा, एका बाजूने सरळ फाटत जातं आणि दुसऱ्या बाजूने वेडंवाकडं. घडी या तंतूंच्या दिशेनेच घालावी. आडवी घातली तर जाड कागद घडीवर तडकतो. पातळ रद्दीच्या बाबतीत फार काटेकोर राहू नका, कव्हरच्या पुठ्ठ्याला मात्र दिशा जरूर बघा.

पाच-सहा कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की एक जुडी होते. घडीवर तीन भोकं पाडा, एक मध्यावर आणि दोन वरच्या-खालच्या कडेपासून थोडी आत. दोऱ्यावर मेणबत्ती घासून घ्या, गुंता होत नाही. सुई आतल्या बाजूने मधल्या भोकातून बाहेर काढा, शेपूट आत राहू द्या. बाहेरून वरच्या भोकातून आत या. आतल्या आत मधलं भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर पडा आणि पुन्हा मधल्या भोकातून आत या. आता दोन्ही टोकं आत आहेत. मधल्या लांब टाक्याच्या एकेका बाजूला एकेक टोक घेऊन गाठ मारा. दोरा ओढताना घडीला समांतर ओढायचा. काटकोनात ओढला तर भोक फाटतं.

आणखी एक. चिकटवत गेलं की वही पोटात फुगते आणि कव्हर मिटत नाही. त्यावर उपाय शिवतानाच करायचा. पानांच्या मधेमधे घडी घातलेल्या अरुंद पट्ट्याही शिवून टाका. पाठीशी तेवढी जागा राखली जाते, पुढे खिसे आणि टॅग आले तरी वही नीट मिटते.

* * *

गोंदाबद्दल थोडक्यात. पातळ कागदाला ग्लू स्टिक, पुठ्ठा आणि कापडाला पांढरा गोंद. गोंदात पाणी असतं, म्हणून जाड थर दिला की कागद फुगतो आणि सुरकुत्या पडतात. पातळ हात फिरवा, वर-खाली मेणकागद ठेवा आणि जड पुस्तकांखाली रात्रभर दाबा. घरी शिजवलेली खळ उत्तम चिकटते, पण तिला कसर लागते. बांधणीवाले त्यासाठी खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असतो, त्यामुळे लहान मुलं हाताळणार असतील त्या वहीत तो नको. स्टेपलच्या पिना आधीच काढा, गंजाचा डाग मागच्या पानापर्यंत उतरतो.

* * *

माझी वही वडिलांच्या कागदांची आहे. ते गेल्यावर त्यांच्या टेबलाचा खण आवरायला घेतला. सामानाच्या याद्या, चष्म्याची पावती, आणि दिव्याच्या बल्बची रिकामी खोकी. प्रत्येक खोक्याच्या झाकणावर तो बल्ब कधी लावला त्याची तारीख त्यांनी पेनाने लिहिलेली. नऊचा आकडा काढताना शेपटी ओढून खाली नेण्याची त्यांची सवय. ती झाकणं टाकवेनात. कापून वहीत लावली, एका पानावर एकच, बाजूला भरपूर कोरी जागा ठेवून. त्या जागेत मी हळूहळू लिहिते आहे.

असं काही करणार असाल तर एक लक्षात ठेवा. गुळगुळीत कागदावरच्या पावत्यांवर शाई नसतेच, उष्णतेने काळा होणारा लेप असतो. नखाने जोरात घासा, काळी रेघ उठली तर पावती त्या प्रकारची आहे. उजेडाने त्यावरची अक्षरं उडत जातात, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून तर आणखी लवकर. आधी झेरॉक्स काढा, वहीत ती लावा, मूळ पावती कागदी पाकिटात अंधारात ठेवा. आणि कागदांवरचे खाते क्रमांक, पत्ते, फोन नंबर झाकायला विसरू नका. मी त्यांवर रंगीत कागदाच्या पट्ट्या लावल्या आहेत.

* * *

आयत्या जुन्या पुस्तकाचीच वही करता येते, शिवायला नको. पुस्तक फाडायला मन धजत नाही हे खरं, म्हणून मी पानं हरवलेली पुस्तकं आणि कालबाह्य झालेल्या मार्गदर्शिकाच घेते. दर तीन-चार पानांनंतर एक पान कापायचं, पण पाठीजवळ बोटभर कड सोडून. अगदी पाठीपर्यंत कापलं तर त्या जुडीतली जोडपानंही सुटून येतात.

* * *

हा छंद नवा नाही. मार्क ट्वेनने १८७३ मध्ये आयता गोंद लावलेल्या चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं, पान ओलं केलं की कात्रण चिकटे. जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्स १९१९ पासून ट्रामची तिकिटं, वेष्टनं, फेकलेले कागद घेऊन चित्रं करत होता. त्याच्या चित्रांत छापील अक्षरं तिरकी, अर्धवट येतात आणि तरी पान तोललेलं राहतं. ही चित्रं बघून मी कात्रणं सरळ रेषेत लावणं सोडून दिलं.

* * *

माझे हात थरथरतात, कात्री चालवणं जड जातं. म्हणून मी कागद फाडते. ओल्या ब्रशने रेघ ओढायची, क्षणभर थांबायचं आणि दोन्ही बाजूंना हलकेच ओढायचं. कडेला मऊ तंतू सुटतात आणि खालच्या पानात मिसळून जातात. छापील कागद कोरडाच फाडला तर एका तुकड्याला छापील बाजूने पांढरी कड येते, दुसऱ्या तुकड्याला येत नाही. ढगांच्या कडा किंवा लाटा हव्या असतील तर ही पांढरी कड फार सुरेख दिसते.

* * *

साठवण हा या छंदातला खरा धोका आहे. मी एकच खोकं ठेवते. ते भरलं की नवीन काही घ्यायचं नाही, आधी पानं करायची. खोक्यात पाडलेले भाग रंगाचे नाहीत, जाडीचे आहेत: लिहिण्याजोगा, चिकटवण्याजोगा, कव्हरजोगा.

* * *

सर्वांचे मनापासून आभार. आज रात्रीच सुरुवात करायची तर किमान काय लागेल, असं कुणी विचारेल. एका रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा, दोन पाकिटं, एक औषधाचं पत्रक, चार पाठकोरे कागद, सुई-दोरा आणि ग्लू स्टिक. चहाच्या पाण्यात कागद रंगवायचे असतील तर शिवण्याआधीच रंगवून पूर्ण वाळवा. इंकजेटवर छापलेले त्यातून वगळा, त्यांची शाई पसरते. औषधाच्या पत्रकावर शाईपेनाची शाई फुटते, तिथे बॉलपेन किंवा पेन्सिल घ्या.